स्पॅनिश पुस्तकं आणि देवास गेटची मराठी

(समाजाच्या वाचनालयात झालेल्या भाषणाचा मजकूर)



आरती आणि प्रसाद यांच्या मधला वेळ वक्त्याला देण्याची आपल्या समाजाची पद्धत जुनी आहे. खिरापतीचा वास नाकाशी येत असला की कुणी कितीही लांबण लावली तरी श्रोते जागचे हलत नाहीत, हे कार्यकारिणीला पक्कं ठाऊक आहे. त्या वासाचे आभार मानून सुरुवात करतो.

आम्ही काही जण महिन्यातून एका रविवारी या वाचनालयाच्या मागच्या खोलीत बसतो आणि स्पॅनिश भाषेतली पुस्तकं वाचतो, म्हणजे त्यांची भाषांतरं वाचतो. वाचून झालं की प्रत्येक पुस्तकाबद्दल वहीत पानभर मत लिहितो. आम्ही म्हणजे दोन निवृत्त शिक्षिका, एक माजी बँक अधिकारी, औषधाच्या दुकानातले एक काका, कॉलेजात शिकणाऱ्या दोन मुली आणि राज्य शासनाच्या सेवेतला, पॉलिटेक्निकची पदविका घेतलेला एक उपयंत्री. वही या उपयंत्र्याकडे असते, कारण मोजमापं लिहून खाली सही करायची सवय त्यालाच आहे, आणि म्हणून आज सगळ्यांच्या वतीने बोलायलाही तोच उभा आहे. आमच्यापैकी कुणालाही स्पॅनिश येत नाही, हे आधीच सांगितलेलं बरं.

गेल्या वार्षिक सभेत पुस्तक खरेदीचा विषय निघाला तेव्हा एका ज्येष्ठ सभासदांनी विचारलं होतं, "इथे मराठी वाचायला माणूस मिळेना, आणि तुम्हाला स्पॅनिशचं कपाट कशाला हवं?" प्रश्न रोखठोक होता आणि रास्तही होता. सभेत त्याला उत्तर देणं झालं नाही. ते आज देऊन पाहतो.

गाब्रिएल गार्सिआ मार्केस हे नाव तुमच्यातल्या अनेकांनी ऐकलं असेल. कोलंबियाचा लेखक, १९८२ साली नोबेल मिळालं. १९६१ साली त्याची एक लहानशी कादंबरी पुस्तकरूपाने आली. तिच्या नावाचा अर्थ, कर्नलला कुणी पत्र लिहीत नाही. एक म्हातारा निवृत्त कर्नल पेन्शनची वाट पाहतो आहे. पंधरा वर्षं झाली. दर शुक्रवारी टपालाची नाव येते, कर्नल धक्क्यावर जातो, तिथून पोस्टमास्तरांच्या मागोमाग पोस्टात, आणि हात हलवत परत येतो. घरी दम्याने बेजार झालेली बायको आहे. मुलाला गोळी घालून मारलेलं आहे. मागे उरला आहे त्याचा झुंजीचा कोंबडा. घरात खायला नाही आणि कोंबड्याला मका घालावा लागतो. कथा म्हणाल तर एवढीच.

हे पुस्तक आम्ही इंग्रजीतून वाचलं. एकाने इंग्रजी वाक्य वाचायचं आणि बाकीच्यांनी ते मराठीत सांगायचं, अशी आमची पद्धत. दुसऱ्या बैठकीपासून खोलीत फारसं कुणी हसत नव्हतं. कर्नल वकिलाकडे जाऊन आपली मूळ कागदपत्रं परत मागतो, तेव्हा वकील त्याला सांगतो की ती आता हजारो हातांतून हजारो कचेऱ्यांमध्ये फिरून गेली आहेत, कुठल्या खात्यात असतील कोण सांगणार. इथे माजी बँक अधिकाऱ्यांनी चष्मा काढून ठेवला. समोर बसलेल्यांपैकी निम्मे लोक दर नोव्हेंबरात जीवन प्रमाणपत्र देऊन येतात. जिवंत आहोत हे कागदावर दाखवावं लागतं. आणि आमच्यासारखे, २००५ नंतर नोकरीत लागलेले, त्यांना ती जुनी पेन्शनही नाही. नस्ती कुठल्या टेबलावर अडकली हे शोधत फिरण्याचा अनुभव घ्यायला कोलंबियाला जावं लागत नाही. त्या पुस्तकात एक जागा अशी आहे की कर्नलची बायको सांगते, शेजाऱ्यांना कळू नये म्हणून आपण चुलीवर भांड्यात दगड उकळत ठेवले होते. शिक्षिकाबाई म्हणाल्या, "आमच्या आजीने हे केलं होतं, प्लेगच्या साली." एवढं बोलून त्या गप्प झाल्या. आम्हीही पुढे विचारलं नाही.

आता खरी अडचण पुढे आली. ही बाई नवऱ्याशी कशी बोलत असेल? इंग्रजीत दोघंही एकमेकांना एकाच सर्वनामाने बोलावतात, त्यावरून काही उमगत नाही. मराठीत मात्र पहिल्याच वाक्याला ठरवावं लागतं, 'अहो' की 'अरे'. आमच्या शिक्षिकाबाईंचं म्हणणं, जुन्या वळणाची बाई आहे, 'अहो'च म्हणणार. मुली म्हणाल्या, पण शेवटच्या पानावर ती त्याची कॉलर धरून त्याला गदागदा हलवते, तेव्हासुद्धा 'अहो'? वाद मिटेना तेव्हा दिल्लीत स्पॅनिश शिकणाऱ्या एका नातलग मुलीला फोन केला. तिने मूळ पान पाहून सांगितलं की मूळात ती त्याला 'तू' म्हणते. स्पॅनिशमध्ये आपल्यासारखाच फरक आहे: जवळच्या माणसासाठी 'तू', हा शब्दसुद्धा जवळजवळ आपलाच, आणि आदरासाठी 'उस्तेद'. म्हणजे जो भेद मूळ भाषेत आहे आणि आपल्याही भाषेत आहे, तो मधल्या इंग्रजीत गळून पडतो. इंग्रजीवरून मराठी करणारा अनुवादक तो भेद आपल्या अंदाजाने पुन्हा भरतो. आम्ही स्थापत्यवाले याला वेगळ्या भाषेत सांगू: दोन टोकांच्या पातळ्या जुळतात, पण मधल्या नोंदीत आकडा सुटला आहे.

म्हणून तर थेट मूळ भाषेतून मराठीत आणणाऱ्यांचं आम्हाला मोठं अप्रूप वाटतं. पुण्याहून 'केल्याने भाषांतर' नावाचं त्रैमासिक निघत आलं आहे, ज्याचं नाव ऐकताच शाळेतली आर्या आठवते. परकीय भाषांतलं साहित्य इंग्रजीच्या वाटेने न आणता सरळ मराठीत आणायचं, हा त्याचा वसा. हिंदीत सोन्या सुरभि गुप्ता यांनी मार्केसची मोठी कादंबरी मूळ स्पॅनिशमधून आणली, 'एकांत के सौ वर्ष'. ती आम्ही हिंदीत वाचली आणि कसलीही लाज वाटली नाही. उज्जैनच्या मराठी माणसाला हिंदी ही काही परकी भाषा नाही.

त्या कादंबरीत एका घराण्याच्या अनेक पिढ्या आहेत आणि सगळ्या पुरुषांची नावं तीच ती, होसे आर्कादिओ आणि औरेलिआनो. वाचणारे वैतागतात, वंशावळ काढून ठेवतात. आम्हाला मात्र ते जड गेलं नाही. ज्यांनी शिंदे घराण्याचा इतिहास पाठ केला, जयाजीराव, मग माधवराव, मग जिवाजीराव, मग पुन्हा माधवराव, त्यांना नातवाला आजोबांचं नाव म्हणजे काय हे कुणी समजावून सांगायला नको.

नावांवरून आठवलं. वाचनालयाच्या नोंदवहीत या लेखकाचं पुस्तक 'मार्क्वेझ' या नावाखाली लिहिलेलं होतं. स्पॅनिश माणसाला दोन आडनावं असतात, आधी वडिलांचं, मग आईचं. गार्सिआ हे वडिलांकडचं, मार्केस आईकडचं. नोंद गार्सिआखाली हवी. आपण नावाच्या मध्ये वडिलांना बसवतो आणि आईला कुठेच जागा ठेवत नाही. त्यांनी आडनावात का होईना ठेवली आहे. आम्ही इतका वेळ सोयीसाठी मार्केसच म्हणतो आहोत, तेव्हा आईचा मान आज जरा जास्तच झाला.

स्पॅनिश साहित्याचं नाव काढलं की सेर्वान्तेसचा 'दोन किहोते' आलाच. पहिला भाग १६०५ चा, दुसरा १६१५ चा. म्हणजे आपल्याकडे तुकाराम महाराज लहान होते तेव्हाचा. यातली गंमत अशी की हे पुस्तक स्वतःच भाषांतर असल्याचं सोंग घेतं. लेखक म्हणतो, मला बाजारात अरबी लिपीतल्या वह्या मिळाल्या, त्या एका मोरिस्को माणसाकडून स्पॅनिशमध्ये करून घेतल्या. मेहनताना किती? थोडे मण मनुका आणि काही पायल्या गहू. दीड महिन्यात त्याने काम पुरं करून दिलं. मराठी अनुवादकांना आजही काय मिळतं ते पाहिलं तर मनुका आणि गहू हा भाव वाईट नव्हता असंच म्हणावं लागेल.

दुसऱ्या भागात दोन किहोते बार्सिलोनात एका छापखान्यात जातो आणि तिथे भाषांतराबद्दल त्याचं मत देतो. त्याचा आशय असा की भाषांतर वाचणं म्हणजे फ्लेमिश गालिचा उलट बाजूने पाहणं: आकृत्या दिसतात, पण धाग्यांची गुंतवळ त्यांना झाकून टाकते. जगभर लोक हे वाक्य भाषांतराला नावं ठेवायला वापरतात. आमच्या बैठकीत ते वाचलं गेलं तेव्हा दुसऱ्या शिक्षिकाबाई लगेच म्हणाल्या, "त्याने पैठणी पाहिली नव्हती." खरंच. अस्सल हातमागावरच्या पैठणीचा पदर उलटा करून पाहा, मोर तसाच दिसतो. आपल्या महेश्वरीचे काठही दोन्ही बाजूंनी नेसता येतात. भाषांतराचा दर्जा ठरवताना आम्ही तेव्हापासून हाच शब्द वापरतो. वहीत शेरे असतात: 'पैठणी', 'काठ ठीक, अंग विरळ', 'उलट बाजू'. एका पुस्तकावर फक्त 'पावरलूम' असा शेरा आहे. त्याचं नाव सांगणार नाही.

या दोन किहोतेची एक गोष्ट या गावात सांगायलाच हवी, कारण हे संस्कृतचं गाव आहे. बॉस्टनचा एक ग्रंथसंग्राहक, कार्ल टिल्डन केलर, याला जगातल्या सगळ्या भाषांतली दोन किहोतेची भाषांतरं जमवायचा नाद होता. त्याने संशोधक ऑरेल स्टाइन यांना गळ घातली, आणि स्टाइननी १९३० च्या दशकात काश्मीरमधल्या दोन पंडितांकडून, नित्यानंद शास्त्री आणि जगद्धर झाडू यांच्याकडून, या पुस्तकाचे आठ अध्याय संस्कृतात करून घेतले. पंडितांना स्पॅनिश येत नव्हतं. अठराव्या शतकातलं जार्व्हिसचं इंग्रजी भाषांतर समोर ठेवून काम झालं. हस्तलिखित अमेरिकेला गेलं आणि हार्वर्डच्या ग्रंथालयात पडून राहिलं. ते छापलं कुणी, तर २०१९ साली सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या पाली विभागाने, द्रागोमिर दिमित्रोव या बल्गेरियन अभ्यासकाच्या संपादनाने. स्पेन, इंग्लंड, काश्मीर, अमेरिका आणि शेवटी पुणे. पवनचक्क्यांवर भाला घेऊन धावणारा तो म्हातारा गीर्वाणवाणीत बोलतो आहे, हे नुसतं डोळ्यांसमोर आणून पाहा.

उलट दिशेचा प्रवासही आहे, आणि तो तर थेट आपल्या दाराशी सुरू होतो. भर्तृहरीची गुंफा आपल्यापैकी प्रत्येकाने लहानपणी पाहिलेली आहे. त्याची शतकं वामन पंडितांनी सतराव्या शतकात मराठीत आणली, म्हणून ती आपल्या घरोघरी पोचली. पुढे विद्याकर नावाच्या बंगालमधल्या बौद्ध पंडिताने सुमारे नऊशे वर्षांपूर्वी केलेला 'सुभाषितरत्नकोश' हा संग्रह दामोदर धर्मानंद कोसंबी आणि वा. वि. गोखले या आपल्या दोन विद्वानांनी संपादित केला आणि १९५७ साली हार्वर्डने छापला. कोसंबी मूळचे गोव्याचे. भर्तृहरीच्या श्लोकांची चिकित्सक आवृत्तीही त्यांनी त्याआधी, १९४८ साली काढली होती. 'सुभाषितरत्नकोशा'चं इंग्रजी इंगॉल्स यांनी केलं. ते इंग्रजी वाचलं मेक्सिकोच्या ओक्ताव्हिओ पाझ यांनी, जे १९६२ ते १९६८ भारतात मेक्सिकोचे राजदूत होते. मेक्सिकोत सरकारने विद्यार्थ्यांवर गोळ्या झाडल्या म्हणून पाझ यांनी ते पद सोडलं. पुढे १९९० साली त्यांना नोबेल मिळालं आणि १९९५ साली त्यांनी भारतावर एक पुस्तक लिहिलं. त्यात संस्कृत सुभाषितांबद्दल ते भरभरून लिहितात, आणि त्यांनी स्पॅनिशमध्ये केलेल्या श्लोकांत भर्तृहरीही आहे. आपल्या गुंफेतला माणूस मेक्सिकोत पोचला तो असा, गोव्याच्या आणि पुण्याच्या माणसांच्या खांद्यावरून. त्या ज्येष्ठ सभासदांना विचारावंसं वाटतं, यातलं स्पॅनिश किती आणि आपलं किती?

मेक्सिकोत पोचलेला आणखी एक माणूस आपला आहे आणि त्याची आठवण इथे क्वचितच निघते. डॉ. पांडुरंग खानखोजे, विदर्भाचे. गदर चळवळीतले क्रांतिकारक. इंग्रजांच्या भीतीने देशोदेशी फिरून मेक्सिकोला गेले आणि तिथे चापिंगोच्या शेतकी शाळेत शिकवू लागले. मक्यावर त्यांनी मोठं काम केलं. दिएगो रिवेरा या थोर चित्रकाराने आपल्या भित्तिचित्रात त्यांना बसवलं. स्वातंत्र्यानंतर ते परतले आणि १९६७ साली नागपुरात वारले. चापिंगोला त्यांचा पुतळा २०२२ साली उभा राहिला, तोवर आपल्याकडच्या बहुतेकांना त्यांचं नावही माहीत नव्हतं. मक्याचं मूळ मेक्सिकोचं. पावसाळ्यात आपण भुट्ट्याचा कीस परततो तेव्हा त्यात माळवा आणि मेक्सिको दोन्ही असतात, वरून जिरवण फक्त आपलं.

आणि अनुवादकाची परीक्षा बहुतेक वेळा अशा खाण्याच्या पदार्थावरच होते. 'तोर्तिया' हा शब्द घ्या. मेक्सिकोच्या कथेत तो आला तर ती मक्याची पातळ भाकरी असते, चुन्याच्या पाण्यात शिजवलेल्या मक्याच्या पिठाची. स्पेनच्या कथेत तोच शब्द आला तर ते अंडी आणि बटाट्याचं जाड ऑम्लेट असतं. एका भाषांतरात आम्हाला माद्रिदचा माणूस न्याहारीला भाकरी तोडताना सापडला. बिचारा उपवासाचा असावा. काही शब्दांना मात्र भाषांतराची गरजच नाही, कारण ते पोर्तुगीजांबरोबर कधीच येऊन बसले आहेत, आणि पोर्तुगीज ही स्पॅनिशची सख्खी बहीण. बटाटा, मेज, साबण, चावी. आमच्या कामावरचं घमेलं पोर्तुगीज आहे. आणि ज्या 'पगारा'साठी आम्ही घमेली मोजतो, तो 'पगार'ही. स्पॅनिशमध्ये पैसे चुकते करण्याला आजही 'पगार' म्हणतात, फक्त ते क्रियापद आहे. वेळेवर होणारं असेल तर क्रियापद म्हणायला आमचीही हरकत नाही.

नाटकाची गोष्ट वेगळी. तिथे भाषांतरापेक्षा रूपांतर चालतं, आणि त्यात मराठी माणूस पूर्वीपासून तरबेज आहे. फेदेरिको गार्सिआ लोर्का हा स्पेनचा कवी-नाटककार. १९३६ साली यादवी युद्धाच्या सुरुवातीलाच त्याला गोळी घालून मारलं. मूल होत नाही म्हणून तडफडणाऱ्या एका खेडवळ बाईवर त्याचं 'येर्मा' हे नाटक आहे. आरती हवालदार यांनी ते मराठीत आणलं, 'चांगुणा' या नावाने. रोहिणी हट्टंगडींनी त्यातलं काम गाजवलं. या नावाबद्दल आमच्या खोलीत बराच वेळ बोलणं झालं. 'येर्मा' या नावातच स्पॅनिश कानाला ओसाड, उजाड जमीन ऐकू येते. मराठीत तिचं नाव 'वांझ' अशा अर्थाचं काही ठेवलं असतं तर नाटक पहिल्या पानावरच संपलं असतं. चांगुणा म्हटलं की मराठी मनाला श्रियाळ राजाची राणी आठवते, अतिथीसाठी पोटच्या चिलयाला उखळात कांडणारी. जिला मूल नाही तिला त्या आईचं नाव द्यायचं! शब्दाला शब्द ठेवून हे जमलं नसतं. आमच्या वहीत यासमोर 'पैठणी' लिहिलेलं आहे, आणि एकमताने. याच लोर्काच्या 'बेर्नार्दा आल्बाचं घर' या नाटकावरून गोविंद निहलानींनी १९९१ साली 'रुक्मावती की हवेली' केला. बंद दारं, पांढऱ्या भिंती आणि आत वाढलेल्या मुली. तो पाहिल्यावर आपल्या जुन्या वाड्यांबद्दल आम्ही थोडं जपून बोलतो.

परीक्षण कसं लिहावं याबद्दलही दोन शब्द. मराठीत अनुवादित पुस्तकाचं परीक्षण वाचलं की नव्वद टक्के जागा कथानकाला, आठ टक्के मूळ लेखकाच्या पुरस्कारांना, आणि शेवटच्या ओळीत 'अनुवाद सहज उतरला आहे'. ही टक्केवारी आमची, डोळ्याने घेतलेली. कशावरून सहज उतरला? कोणत्या भाषेतून उतरला? बरेचदा अनुवादकाचं नावही नसतं. आम्ही साधा नियम केला आहे. माप-पुस्तिकेत प्रत्यक्ष न मोजता आकडा लिहिला तर उपयंत्र्याची नोकरी जाते. तसं निदान दोन पानं तरी हिंदी किंवा इंग्रजी भाषांतराशी ताडून पाहिल्याशिवाय अनुवादाबद्दल शब्द लिहायचा नाही. आणि अनुवादकाचं नाव पहिल्या ओळीत.

होर्हे लुईस बोर्हेस या अर्जेंटिनाच्या लेखकाने तर परीक्षणवाल्यांची फिरकीच घेतली. १९३६ साली त्याने एका पुस्तकात एक परीक्षण छापलं. परीक्षण कशाचं, तर मुंबईच्या मीर बहादुर अली नावाच्या वकिलाने लिहिलेल्या कादंबरीचं. आवृत्त्या, प्रकाशक, प्रस्तावना, गुणदोष, सगळं साग्रसंगीत. असं पुस्तकच नव्हतं आणि असा वकीलही नव्हता! बोर्हेसच्या एका मित्राने म्हणे ते लंडनहून मागवायला पत्रही टाकलं. ही कथा वाचून आमच्या बँक अधिकाऱ्यांनी फार मार्मिक प्रश्न विचारला: न लिहिलेल्या पुस्तकाचं परीक्षण इतकं खरं वाटतं, तर आपण लिहितो त्यांतली किती परीक्षणं पुस्तक न वाचताही लिहिता आली असती?

आता मूळ प्रश्नाकडे येतो, आणि इथे थोडं कडू बोलावं लागेल. आपल्या घरांतून मराठी बोलली जाते का? जाते. कुठली? 'पानं घ्या', 'नैवेद्य झाला का', 'मावशीला नमस्कार कर'. स्वयंपाकघर, देवघर आणि लग्नघर एवढ्यात ती छान फिरते. पण मुलगा नोकरीबद्दल, मैत्रीबद्दल, भीतीबद्दल बोलू लागला की तिसऱ्या वाक्याला हिंदी. भांडण तर पूर्ण हिंदीत, आणि मनातलं दुःख मोबाइलवर इंग्रजीत. आमच्या मुली बैठकीला आल्या तेव्हा त्यांची मराठी अशीच होती. देवनागरी येत असल्यामुळे वाचू शकत होत्या, इतकंच. पण कर्नलची कथा मराठीत सांगायची तर पेन्शन, खून, भूक, संताप, म्हातारपणातलं प्रेम, सगळ्याला मराठी शब्द लागतात. ते नैवेद्याच्या मराठीत नाहीत. ते शोधावे लागतात, कुणाला तरी विचारावे लागतात. एका रविवारी 'गदागदा' हा शब्द त्यांतल्या एकीला मिळाला तेव्हा तिने तो चार वेळा म्हणून पाहिला. ज्या भाषेत फक्त ओळखीच्या गोष्टी बोलायच्या, ती भाषा आक्रसत जाते. परक्या गोष्टी तिच्यात आणायला लागलो की तिला हातपाय पसरावे लागतात. मराठी वाचायला माणूस मिळत नाही म्हणून स्पॅनिशचं कपाट हवं, असं आमचं उत्तर आहे.

आणि हे काही आम्ही या गावात नव्याने काढलेलं नाही. इथेच, देवास गेटच्या माधव कॉलेजात प्रभाकर माचवे शिकवत, मराठी आणि हिंदी दोन्ही हातांनी लिहीत. पुढे साहित्य अकादमीत जाऊन त्यांनी देशभरच्या भाषा एकमेकींशी बोलत्या ठेवल्या. गजानन माधव मुक्तिबोध हिंदीचे झाले, धाकटे शरच्चंद्र मराठीचे. एकाच घरात दोन भाषांचे दोन मोठे कवी. उज्जैनमध्ये राहिलेल्या चंद्रकांत देवतालेंनी दिलीप चित्र्यांच्या कविता 'पिसाटी का बुर्ज' या नावाने हिंदीत नेल्या. बसस्टँडवर 'इंदोर, इंदोर' असा पुकारा चालू असतो ना, तसंच आहे हे. या नाक्यावरून कुठे ना कुठे गाडी सुटतच असते.

कार्यकारिणीकडे मागणं मोठं नाही. एक कपाट, त्याला कुलूप नको, आणि वर्षाला पाच-सहा पुस्तकं. वही तिथेच ठेवू, कुणीही लिहावं. वाचून आवडलं नाही तर तसंही लिहावं.

कर्नलच्या पुस्तकाचा शेवटचा शब्द मात्र अजून राहिला आहे. बायको विचारते, कोंबडा विकायचा नाही तर तोवर आपण खायचं काय? पंचाहत्तर वर्षांचं आयुष्य पाठीशी घेऊन कर्नल एका शब्दात उत्तर देतो, आणि तो शब्द शिवी आहे. त्याला मराठीत काय म्हणायचं? काका म्हणाले, 'माती'. पण माती खाणं म्हणजे आपल्याकडे घोटाळा करून ठेवणं. शिक्षिकाबाई म्हणाल्या, 'शेण'. छापायला बरं, पण शेण खाणं म्हणजे वाईट चालीचं वागणं, आणि कर्नल तर इतकी वर्षं नेकीने राहिला म्हणूनच उपाशी आहे. मुलींपैकी एकीने जो खरा शब्द आहे तो सरळ उच्चारला. दोन ज्येष्ठांनी डोळे मिटून घेतले. अर्थाने तोच बरोबर आहे, यावर आमचं एकमत आहे. वहीत मात्र ती जागा अजून कोरी आहे. कुणाला सुचलं तर येत्या रविवारी संध्याकाळी पाच वाजता मागच्या खोलीत या. पुढचं पुस्तक हुआन रुल्फोचं 'पेद्रो पारामो' आहे, १९५५ चं, आणि त्यातलं जवळजवळ सगळं गाव मेलेलं आहे, पण बोलतं आहे. चहा असतो. कप घरून आणावा लागतो.